कमानीवरची सुतळी

१

रामजींच्या नाकावर राग कायमचा वस्तीला होता, हे हट्टा गावात कुणालाही विचारा. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून त्यांचा उभा जन्म सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर गेला. चोरून पाणी वळवणाऱ्यांशी भांडून भांडून त्यांचा साधा बोलायचा आवाजसुद्धा भांडणाचा झाला होता. निवृत्तीनंतर भांडायला कालवा उरला नाही, तेव्हा ते दुकानदारांवर आले. त्या दिवशी पाळी होती रतनसिंगची.

रतनसिंगची रोपवाटिका वसमतच्या रस्त्याला होती. हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांच्या ओळी, आणि ओळींमधून चिखलात उभे रामजी.

"गुलाब वासाचा पायजे, आन् रोग न पडनारा पायजे," ते म्हणाले. "एक वेलाचा, कमानीवर चढनारा. चार झुडपाचे, कमानीच्या दोन्ही अंगाला. अन् कशालाच फवारा मारनार न्हाई मी."

रतनसिंगनं गर्द लाल गुलाबाची पिशवी उचलली. "हे बघा काका, वास एक नंबर. पर पावसाळ्यात पानाला काळे ठिपके येतात. फवारा मारावाच लागते."

"मी काय बोललो? फवारा न्हाई."

"मग हे गुलाबी घ्या. औषध नको, काय नको. मरतच न्हाई."

रामजींनी फूल नाकाला लावलं आणि पिशवी दाणकन खाली ठेवली. "हे फूल हाय का कागद? काहून विकता असला माल?"

"काका, गुलाबाचं ऐसाच है. नाक सांभाळा तर पान जाते, पान सांभाळा तर नाक जाते."

"तर मग दुकान बंद कर!"

दुसरा कुणी असता तर म्हाताऱ्याला वाटेला लावलं असतं. रतनसिंग मात्र मुकाट्यानं मागच्या ओळीत गेला आणि एक हडकुळा वेल घेऊन आला. सायीच्या रंगाची लहान फुलं, पान जाड आणि चकचकीत. अशा पानावर रोग लवकर बसत नाही, तो म्हणाला. रामजींनी फूल हुंगलं. लिंबाच्या सालीचा वास, आणि त्याच्यामागे बारीकशी लवंग. डोळे मिटून त्यांनी ते पुन्हा हुंगलं. रतनसिंगला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली की काय.

"हा कमानीला," रामजी शेवटी म्हणाले. झुडपाचे चार त्यांनी त्याच्यावरच सोडले, हे त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडत असावं.

रतनसिंगनं निघताना समजावलं. कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवा. सांध्याखालून फूट आली तर ती रानटी, उपटून टाका. "आन् ह्या वेलाला ताणे नसतात काका. आपल्या हातानं बांधाल तरच चढंल. फांदी आडवी बांधा, डोळ्या-डोळ्याला फूल येईल. राख जास्त टाकू नका फक्त. सोसत न्हाई ह्याला."

रामजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पुढचं वाक्य गिळलं.

२

राख तर टाकायचीच होती.

करुणा त्यांची एकुलती एक लेक. लांबच्या शहरात एका मोठ्या दवाखान्यात परिचारिका होती. हट्ट्याचं नवं घर बांधलं ते तिच्याच पगाराच्या आधारानं, आणि फाटकावरची लोखंडी कमानही तिनंच करून घेतली होती. कमानीवर वेलाचा गुलाब लावायचा, हा हट्ट तिचाच. "वास नसला तर तो गुलाब कशाला म्हणायचा, बाबा? आणि फवाऱ्याचं रोप नको हं. दिवसभर औषधाचाच वास असतो माझ्या नाकात." सुट्टीवर आली की ती बापाच्या बागेत लुडबुड करी. रामजींनी मेहनतीनं बांधलेली सुतळी ती खिशातल्या बारक्या कात्रीनं कापून टाकी, तिरकी, गाठ तशीच ठेवून. सुतळी वाया गेली म्हणून रामजी तडकत. "गाठी सोडत बसायला वेळ कुणाला आहे, बाबा?" ती म्हणे आणि हसे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती गेली. त्याच दवाखान्यात, त्याच खोल्यांमध्ये, जिथं ती दुसऱ्यांना पाणी पाजत होती. रामजी आणि पद्माबाई तेव्हा स्वतःच तापानं फणफणलेले. तोंड पाहायला मिळालं नाही, खांदा द्यायला मिळाला नाही. बरे होऊन रामजी गेले, तेव्हा स्मशानाच्या पत्र्याखाली लाल फडकी बांधलेल्या मडक्यांच्या ओळी होत्या. खिडकीतल्या माणसानं नाव विचारलं आणि मान वर न करता बोट दाखवलं. "ते. कोपऱ्यातलं."

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथं जळतंय कुणाचं हेच कुणाला कळत नव्हतं.

नदीत राख सोडायची नाही, खड्ड्यात घालून त्यावर झाड लावायचं, हे करुणानंच आजोबांच्या वेळी ठरवलं होतं. आता तिच्यासाठी तेच करायचं होतं. कमानीच्या पायाशी खड्डा झाला. फडकं सोडायची रामजींची हिंमत झाली नाही. मडकं तसंच आत ठेवलं, दगडानं फोडलं, नजर दुसरीकडे ठेवून माती लोटली आणि वर वेल लावला.

पद्माबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी फूल नाकाशी नेलं, थांबल्या, आणि मान हलवली. त्या तापानं त्यांचा वास नेला होता, तो परत आलाच नव्हता. भात करपून धूर झाला तरी त्यांना कळत नसे.

३

पहिल्याच पावसाळ्यात चारी झुडपांच्या पानांवर काळे ठिपके पडले. पानं पिवळी होऊन गळाली. थंडीत भुरी आली, कुणी पीठ शिंपडावं तशी. मग शेंडे काळे पडून खाली वाळत गेले. रामजींनी रतनसिंगला फोनवर मनसोक्त झापलं. एकेक झुडूप गेलं.

वेलाला काही झालं नाही.

आधी रामजींना त्याचा आनंद झाला, मग अभिमान. मग एका सकाळी ते चष्मा लावून पान न् पान तपासत बसले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. ठिपका नाही, भुरी नाही, इथवर ठीक. पण माव्याचा एक कण नाही. कोळ्याचं जाळं नाही. मुंग्यांची रांग भिंतीवरून येई, कमानीपाशी वळे आणि लांबून वळसा घालून पुढे जाई. रोग न पडणं वेगळं. झाडाला मुंगीसुद्धा चढू नये, हा कुठला प्रकार? खतात काही असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. रामजी तसे माणूस पुराव्याचे. गावात कुणाच्या अंगात आलं की ते पहिले जाऊन समोर उभे राहत आणि नाडी मोजत.

दुसरी गोष्ट सुतळीची. संध्याकाळी फांदी ओढून कमानीला आडवी बांधावी, तर सकाळी ती सुटलेली आणि रस्त्याकडे झुकलेली. ऊन सगळं अंगणात, झाड झुकतं सावलीकडे. रामजींनी कालव्याच्या दारांना बांधायची गाठ मारली, जी ओढाल तितकी आवळते. तीही सुटली. तुटली नव्हती, कापली नव्हती. आणि सुतळी फाटकाच्या विटांच्या खांबातल्या कोनाड्यात होती, नीट गुंडी करून, टोक आत खोवून. जुन्या बायका उद्याला कामी येईल म्हणून ठेवतात तशी.

वड्याचं तेल वांग्यावर निघालं. गल्लीतल्या पोरांना त्यांनी फैलावर घेतलं, फाटकाला कुलूप घातलं. तरी सकाळी गुंडी कोनाड्यात.

"तू सोडतीस का सुतळी?" त्यांनी बायकोला विचारलं.

"म्या काहून सोडू?" पद्माबाईंनी गुंडी तळहातावर घेतली. बराच वेळ पाहिली. मग ती परत कोनाड्यात ठेवली, होती तश्शीच.

४

वेलाला फुलं आली ती तिसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर. रामजी आत दाढी करत होते, आणि अंगणातून पद्माबाईंची हाक आली. अशी हाक त्यांनी कित्येक दिवसांत ऐकली नव्हती.

"ओ! इकडं या! वास येऊन राहिला मला!"

रामजी साबणाच्या तोंडानं धावले. पद्माबाई कमानीखाली डोळे मिटून उभ्या होत्या, गालावर पाणी. रामजींना हसू फुटलं. पोरीनं आईचं नाक परत दिलं, असा विचार मनात आला आणि त्यांनी तो हाकलला नाही. ते पुढे झाले, फांदी वाकवली, फुलात नाक घातलं.

मिश्री. तव्यावर जाळलेल्या तंबाखूची, दातांना लावायची मिश्री. आणि तिच्यामागे ओल्या घोंगडीचा, मेंढराच्या अंगाचा उग्र वास.

ते मागे सरले. दुसरं फूल घेतलं, तिसरं घेतलं. प्रत्येकात तेच.

"कशाचा वास येतो तुला?" त्यांनी विचारलं.

पद्माबाईंनी डोळे उघडले. "वास येतो, बस झालं," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

रामजींनी चार फुलं खुडली, फडक्यात बांधली आणि मोटारसायकलवर थेट रतनसिंग गाठला. गिऱ्हाइकांसमोर फडकं त्याच्या टेबलावर आपटलं. "हुंग! लिंबाचा, लवंगाचा म्हनून दिला ना तू? हुंग!"

रतनसिंगनं हुंगलं. गिऱ्हाइकांनी हुंगलं. "लवंगच तर हाय काका," रतनसिंग चाचरत म्हणाला. रामजींनी फूल हिसकावून घेतलं. लिंबाची साल, आणि मागे बारीकशी लवंग.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांना स्वतःचा इतका संताप आला की परतताना गाडीला किक बसेना. करुणानं जन्मात मिश्रीला बोट लावलं नव्हतं. घरात कधी मेंढरू नव्हतं. आपलंच नाक बिघडलं असणार, तापानं कुणाचं काय बिघडवलं नाही? वाटभर त्यांनी स्वतःला हेच बजावलं, आणि घरी येऊन फाटकाचं कुलूप काढायच्या आधीच त्यांना मिश्रीचा वास आला.

५

थंडी सरताना मेंढपाळांचे कळप घरासमोरच्या रस्त्यानं जात. हनुमान नावाचा एक शिरड शहापूरकडचा मेंढपाळ दरवर्षी जाई. खांद्यावर घोंगडी, हातात टकळी, चालता चालता काळी लोकर कातत जाणारा. त्याचं सगळंच त्या लोकरीच्या दोऱ्यानं बांधलेलं असे, काठीची मूठ, पाण्याची बाटली, फाटकी चप्पल.

त्या वर्षी कळप कमानीसमोर आला आणि थांबला. पुढची म्हातारी मेंढी थांबली, म्हणून मागची सगळी. शेळ्यासुद्धा. कमानीवरून वेल हाताच्या अंतरावर लोंबत होता, आणि काटेरी बाभळसुद्धा न सोडणाऱ्या शेळ्यांनी त्याला तोंड लावलं नाही. सगळ्यांची तोंडं कमानीकडे. ओरडणं नाही, धक्काबुक्की नाही. हनुमानचं कुत्रं पोट जमिनीला टेकून बसलं आणि शेपूट हलवू लागलं.

"हाकल की रे!" रामजी आतून गरजले. "रस्ता काय तुझ्या बापाचा?"

"हाकलूनच राहिलो बापू, हालंनात." हनुमान डोकं खाजवत होता. "कुनीतरी हाक मारंल म्हनून उभ्या राहिल्यावानी करून राहिल्या. घरच्या मानसासमोर करतेत तशा."

तेवढ्यात हाक आली. जीभ टाळूला लावून काढलेली, हलकी, लांब ओढलेली. "हुर्रर्र… हुर्रर्र…" कळप एकदम चालू लागला. रामजींना वाटलं, हनुमाननं दिली. मग त्यांनी हनुमानचा चेहरा पाहिला. त्याचं तोंड बंद होतं, आणि तो कमानीकडे बघत होता.

"घरात कोन म्हातारं मानूस हाय का, बापू?" त्यानं हळूच विचारलं.

"कुनी न्हाई. चालता हो."

हनुमाननं जाताना कमानीला हात जोडले. रामजींना ते इतकं लागलं की त्यांनी ढेकूळ उचललं, पण फेकलं नाही.

६

मे महिन्यात भर दुपारी वीज गेली. कूलर बंद पडला तसे रामजी जागे झाले. गल्ली सामसूम होती, आणि ओट्यावरून पद्माबाईंचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. कुणाशी तरी घरगुती बोलणं चाललं होतं, मधे थांबून, पलीकडचं ऐकून घेऊन. तीनेक महिने झाले, दुपारी जाग आली की हे बोलणं कानावर पडे आणि रामजी कूस बदलत. बाईला एकटीनं बोलायची सवय लागली, असं ते मनाला सांगत.

त्या दिवशी ते उठून खिडकीशी गेले. पद्माबाई ओट्याच्या पायरीवर बसल्या होत्या. एक कपबशी त्यांच्या हातात. दुसरी कमानीजवळ, जमिनीवर.

रामजी चरफडले. झालं, बाईनं पोरगी आणून बसवली तिथं. साऱ्या गावाला शहाणपण शिकवलं आणि आपल्याच घरात हे.

मग त्यांची नजर कपबशीवरून वर गेली.

कमानीखाली कुणीतरी चवड्यावर बसलं होतं. पाठ घराकडे, तोंड रस्त्याकडे. मळकं लुगडं, डोक्यावरून पदर. एकच हात दिसत होता, काळा, वाळलेला. मनगटात चांदीचं जाड कडं, मांसात रुतलेलं. बोटं सुतळी गुंडाळत होती. घाई नव्हती. वेलाचं एक पान गळून तिच्या खांद्यावर पडलं, आणि तिनं खांदा उडवून ते झटकलं.

रामजींची नजर त्या खांद्यावरच खिळली. भास असता तर त्यानं पान कशाला झटकलं असतं?

"कोन हाय तिथं?" ते ओरडले, दाराकडे धावले, उंबऱ्याला ठेचकाळले आणि उन्हात आले. कमानीखाली कुणी नव्हतं. फाटकाला कुलूप होतं. कोनाड्यात गुंडी होती, आणि ती हातात घेतली तर कोमट लागली. उन्हानं असेल. कपबशी मात्र सावलीत होती. कप रिकामा, आणि त्याच्या कडेला मिश्रीचा तपकिरी डाग.

पद्माबाई पायरीवरून उठल्या नव्हत्या. "चहा पिऊ द्यायचा व्हता तिला," त्या म्हणाल्या.

७

रामजींनी कुदळ काढली.

असा राग त्यांना स्मशानाच्या त्या खिडकीपाशी यायला हवा होता. तिथं तो आला नव्हता. तिथं ते मान खाली घालून निघाले होते. तो सगळा आज आला. घाम डोळ्यांत जात होता, काटे हात फाडत होते, आणि ते खणत होते. "इतकी वर्सं पानी घातलं! कुनाला? कुनाला घातलं मी पानी?" खापऱ्या लागल्या. काळी माती लागली. मग कुदळीला टणकन आवाज आला.

चांदीचं कडं. काळं पडलेलं. वेलाचं अंगठ्याएवढं मूळ त्याच्यातून आरपार गेलं होतं आणि आत फुगून घट्ट बसलं होतं. मूळ तोडल्याशिवाय कडं निघणार नव्हतं.

"बघ!" ते पद्माबाईंवर ओरडले. "करुणाच्या हातात असलं कवा व्हतं का? तुझी पोरगी न्हाई ही, पद्मा! भलतंच मडकं दिलं त्या हरामखोरानं, आन् तू हिला चहा पाजून राहिलीस!"

"मला ठाऊक हाय."

कुदळ वर गेलेली तशीच राहिली.

"पयल्याच फुलाला ठाऊक झालं," पद्माबाई म्हणाल्या. "इतके दिवस माझं नाक मेलेलं, आन् वास आला तो मिश्रीचा. आई हाय मी. पोरीचा वास मला कळत न्हाई व्हय? म्या समजले, ही आपली न्हाई. म्हंजे आपली तिकडं हाय. हिच्या घरी." त्यांचा आवाज चढला. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण नवऱ्यासमोर तो असा कधी चढला नव्हता. "कुनाच्या बांधावर, कुनाच्या परसात, त्यांनी तिला कसं ठिवलं, काय ठाऊक? तुमाला राग येतो, तुमी कुदळ घेता. तिकडं बी कुनाला तरी राग येत आसंल. त्यानं बी कुदळ घेतली तर? आपल्या करुणाला रस्त्यावर फेकली तर?"

वर धरलेली कुदळ खाली आली.

"म्हनून देते चहा," पद्माबाई म्हणाल्या. "तिकडं तिला कुनी देत आसंल, म्हनून. खना आता. खना, काय खनायचं ते."

रामजी उभे राहिले. ऊन डोक्यावर होतं. मग ते गुडघ्यावर बसले आणि हातांनी माती आत लोटू लागले. कडं होतं तिथंच, मुळाच्या भोवती राहिलं.

८

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तांब्या भरला. फांदी त्यांनी बांधली नव्हती. ती रस्त्याकडे लवली होती. तांब्या कमानीखाली ठेवून ते कमानीकडे पाठ करून बसले. मागे वळायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. ते धैर्यानं ठरवलं की भीतीनं, हे विचारू नका.

जुन्या काळातली बाई. हयातीत हिनं गावकुसाबाहेरच्या या गल्लीतल्या घरचं पाणी तोंडाला लावलं असतं का, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच. आयुष्यभराची सवय.

मिश्रीचा वास दाटला. लुगड्याची सळसळ झाली. तांब्या उचलल्याचा आवाज झाला, आणि मग पाणी पिण्याचा. वरून ओतल्याचा नाही. तांब्याला तोंड लावून, घटाघटा, लांबून चालत आलेलं माणूस पितं तसा.

"गाव कोनतं तुमचं?" रामजींनी विचारलं. आवाज कापत होता, आणि त्याचाही त्यांना राग आला. "सांगा. आमची पोरगी हाय तिथं. घेऊन येतो, तुमाला पोचवतो. बोला ना! गाव सांगा!"

तांब्या खाली ठेवला गेला. मग वास विरळ होत गेला, आणि फांदी वारा नसताना हलत राहिली.

त्यानंतरच्या सकाळी सुतळीच बांधलेली नव्हती, तर कोनाड्यात गुंडी कुठून असणार? तरी सवयीनं रामजींनी आत हात घातला. हाताला मऊ लागलं.

काळ्या लोकरीचे तुकडे. हातानं कातलेला दोरा, हनुमानच्या काठीला होता तसला. मूठभर होते, कोनाडा भरून. काही जुने, विटलेले, काही कालचे वाटावेत असे. प्रत्येक तुकड्यावर एक गाठ होती, घट्ट, कुणीही न सोडलेली. आणि प्रत्येकाचं टोक तिरकं, स्वच्छ कापलेलं होतं. बारक्या, धारदार कात्रीनं.

पद्माबाईंनी एक तुकडा उचलला, नाकाशी नेला आणि खालीच बसल्या.

रामजी ते तुकडे मुठीत धरून उभे राहिले. इतक्या गाठी. म्हणजे तिकडं कुणीतरी तिला रोज बांधत होतं. रोज संध्याकाळी येऊन, प्रेमानं, काळजीनं, आपलंच माणूस समजून बांधत होतं. आणि ती रोज कापत होती. इतकी वर्षं.

त्यांनी फाटकाचं कुलूप काढलं, भिरकावलं आणि मोकळ्या रस्त्यावर येऊन त्या न पाहिलेल्या बांधणाऱ्याला शिव्या द्यायला सुरुवात केली. तोंडाला येईल ती शिवी. हात झडतील तुझे, म्हणाले. दिसत न्हाई का तिला घरी यायचंय ते, म्हणाले. कशाला बांधतोस, मेल्या, सोड तिला, सोड. दारं उघडली, शेजारी बाहेर आले. रामजी थांबेनात.

मग मिश्रीचा वास आला, अगदी मानेजवळ, आणि त्यांची शिवी अर्धीच राहिली. मागे वळून पाहायची गरज नव्हती. आज तिचं तोंड रस्त्याकडे नव्हतं. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि त्यांनी तिकडच्या तिच्या माणसाला दिलेली प्रत्येक शिवी तिनं ऐकली होती.